गधेगळीचा ठसा

तळ्याकाठच्या गधेगळीचा, म्हणजे शाप कोरलेल्या जुन्या दगडाचा, मी कागदावर ठसा घेत होतो. कागद भिजवायला पाणी दिलं ते वाटेनं चाललेल्या एका बाईनं, लांबून भरून आणलेल्या हंड्यातलं.

"काय लिहिलंय हो त्यावर?"

"या तळ्याचं पाणी जो अडवील, त्याला शाप."

"मग सरपंचाला वाचून दाखवा की! त्यानंच कुंपण घातलंय."

"मी अभ्यासापुरता आलोय, ताई."

ती हंडा उचलून निघून गेली. मला वाईटही वाटलं नाही. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून कुणीतरी शतकांपूर्वी मजकुराखाली गाढव कोरलं होतं. आज तिथं वाचता येणारा मी एकटाच, आणि मी सावलीत बसून होतो. तिच्या पाण्यानं भिजलेला कागद उन्हात लगेच वाळला. शाप अगदी स्वच्छ उठला होता.