हिराबाईंचा डी नऊ आला

रक्त काढताना बहुतेक माणसं सुईकडे बघत नाहीत. भिंतीकडे बघतात आणि बोलत सुटतात. पिरंगुटच्या एका छोट्या दवाखान्यात मी बारा वर्षं रक्त काढतोय, त्यामुळे माझ्याकडे किस्से साठतच जातात. त्यातही व्हिटॅमिन डीचे जास्त, कारण हल्ली ज्याला त्याला आपला आकडा तोंडपाठ असतो.

*

लातूरहून हिंजवडीला नोकरीसाठी आलेल्या अमोलचा डी चौदा आला. त्याला पटेचना.

"मॅडम, ऑफिसात माझी सीट खिडकीला आहे. दुपारभर ऊन अंगावर असतं."

आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खिडकी उघडते?"

"नाही, काच फिक्स आहे."

"मग काचेतून ऊब येते, डी येत नाही."

आठवड्याला डीच्या पावडरची एक पुडी, आठ आठवडे. पठ्ठ्याने तिथेच मोबाईलमध्ये आठ रिमाइंडर लावले!

*

टॉवरमधल्या एका रिटायर्ड काकांनी आपल्या मनानेच फुल बॉडी पॅकेज केलं. डी सत्तावीस, पुढे ठळक अक्षरांत 'कमी'. डॉक्टरीणबाईंनी हाडं, आजार, चालू औषधं, सगळं विचारलं आणि म्हणाल्या, "वीसच्या वर आहे, तक्रार काही नाही. तुम्हाला गोळी नको."

"पण शेजाऱ्यांना दिलीय."

"शेजाऱ्यांचा रिपोर्ट आणलाय?"

काका फुगले. "मग मी टेस्ट केली कशाला?"

"तेच मी विचारणार होते."

*

ताम्हिणीच्या रस्त्यावर ढाबा चालवणारे बाळूशेठ आठवड्याची पावडर रोज घेत होते. "म्हटलं, लवकर भरंल."

त्या दिवशी डॉक्टरीणबाई खरंच चिडल्या. पावडर बंद, आधी कॅल्शियम तपासा; डी जास्त झालं की ते रक्तात वाढतं आणि किडनीला बाधतं. ते नीट आलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

*

आणि हिराबाई. अमोलच्या घरमालकीण, वय बासष्ट. तीन मजले भाड्याने दिलेत, पण भाताची दोन खाचरं अजून स्वतः लावतात. म्हणजे लावायच्या. खाली बसलं की उठता येईना, म्हणून गेल्या लावणीला पोरांनी त्यांना ओट्यावरच बसवलं. ते सांगताना त्यांचे डोळे भरले. सुई तर मी अजून टोचलीही नव्हती.

डी आला नऊ.

"मी तर उनातच करपली हाय. मला कसं कमी पडंल?"

"शेतात अंगात काय घालता?"

"मालकांचा फुल शर्ट. डोक्याला टावेल."

"मग ऊन मालकांच्या शर्टाला मिळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पावडर दिली, दूध-नाचणी सांगितली, उठाबशांचा व्यायाम शिकवला. हिराबाईंनी एक दिवस चुकवला नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. बत्तीस! डॉक्टरीणबाई पुढचं समजावू लागल्या, तर हिराबाई म्हणाल्या, "आकडा ऱ्हाऊ द्या. हितं बगा."

त्या फरशीवर उकिडव्या बसल्या आणि हात न टेकता उठल्या. सावकाश, पण उठल्या.

"यंदा लावणीला रोपं मीच काढनार," त्या म्हणाल्या. "आता तुमी बसा बरं, बाई."

डॉक्टरीणबाई हसत खाली बसल्या. उठताना आधी टेबल धरलं, मग माझा खांदा, शेवटी हिराबाईंचा हात.

मग डॉक्टरीणबाई माझ्यासमोरच्या पेशंटच्या खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि म्हणाल्या, "काढ."