शेवटची वीस पावलं डोळे मिटून

माझी तब्येत आजवर जी काही बिघडली, ती एका शिक्षकाच्या काटेकोर मार्गदर्शनाखाली बिघडली आहे.

हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत, कॅम्प-१ मधल्या आमच्या शाळेत सकाळच्या पाळीला डोंगरे सर पीटी घ्यायचे. गळ्यात शिट्टी, हातात छडी आणि तोंडात तीन नियम. पळण्याआधी अंग मोकळं करू नका, ताकद तिथंच सांडते. पळण्याच्या दिवशी पाणी पिणारा पोरगा आयुष्यात कुठंच पोचत नाही. आणि सर्वांत मौल्यवान : शेवटच्या वीस पावलांत डोळे मिटा, कारण थकवा डोळ्यांतून आत शिरतो! मी इतका भारावलो, की पोलाद कारखान्यात कारकुनी करता करता पन्नाशी ओलांडली, पोट माझ्याआधी ऑफिसात पोचायला लागलं, तरी नियम सोडले नाहीत. (पळणं सोडलं होतं. नियम शाबूत होते.)

त्यामुळे व्यायाम करणाऱ्या बाकीच्या जगाकडे मी तुच्छतेनेच बघायचो. बायको सुनंदा मैत्रिणींबरोबर सकाळी फिरायला जायची. माझ्या मते त्यात पायांपेक्षा जिभेचा व्यायाम जास्त. मुलगी पल्लवी नेहरू नगरच्या जिममध्ये जायची. तिथं म्हणे लोक एकाच जागी तासभर पळतात आणि कुठंही न पोचता घामाघूम होऊन घरी येतात!

अशात आमच्या सेक्टरच्या क्लबचा मेळावा आला. त्यात पन्नाशीवरच्या पुरुषांची शंभर मीटरची शर्यत! मी तात्काळ नाव दिलं.

"पापा, वॉर्म-अप तो कर लो!" मैदानावर पल्लवी म्हणाली.

"वॉर्म-अप तुह्या जिमवाल्याले सांग. मले डोंगरे सरनं शिकवलं हाय."

"निदान पानी तं प्या, ऊन किती हाय!" सुनंदा.

"पानी तूच पी. तुले खुर्चीभोवती फिराचं हाय."

हे मी जरा हिणवूनच म्हटलं. सुनंदाच्या संगीतखुर्चीची अंतिम फेरी शेजारीच चालू होणार होती. तीन वर्षं ती अंतिम फेरीत मिश्रा भाभींकडून हरत होती आणि तीन वर्षं घरात त्याचं सुतक पाळलं जात होतं.

शिट्टी वाजली. अर्ध्या अंतरापर्यंत मी चक्क दुसरा होतो! मग घशाला कोरड पडली, मांडीत गोळा आला, मागून एकेक जण पुढे निघून जायला लागला. आता हुकमाचा एक्का. मी डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर माणूस सरळच पळतो, अशी माझी समजूत होती. (सरांनी हे तपासलं नव्हतं.) मला एवढंच आठवतं, की गाण्याचा आवाज मोठा मोठा होत गेला, पायात दोरी अडकली, "अरे भैया, भैया!" असं कुणीतरी किंचाळलं, मी कशावर तरी धाडकन बसलो आणि त्याच क्षणी गाणं थांबलं.

डोळे उघडले. अंतिम फेरीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर मी! एका बाजूला मिश्रा भाभी थिजलेल्या, दुसऱ्या बाजूला बसण्यासाठी अर्धी वाकलेली सुनंदा.

"अजी, उठा!" ती ओरडली. "बसतच होती न मी! कावून आले तुमी अठी?"

"शर्यत..."

"शर्यत तिकडं हाय!"

"भाईसाहब जीत गए!" माइकवरून घोषणा झाली. टाळ्या पडल्या. मी घाईघाईनं उठायला गेलो, तशी खुर्ची उलटली, तिच्यासोबत मी उलटलो, आणि घोट्यात काहीतरी कटकन वाजलं.

गर्दीतून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. डोंगरे सर! मुलांच्या चित्रकला स्पर्धेचे परीक्षक म्हणून कुम्हारीहून आले होते.

"डोळे मिटून कावून पळून राह्यला होता बे?"

"तुम्हीच शिकवलं न, सर! थकवा डोळ्यातून शिरते म्हून!"

"मी म्हटलो होतो असं?"

"हो!"

"अरे, मी तं ड्रॉइंगचा मास्टर! दुपारच्या पाळीत पोरींले चित्रकला शिकवत होतो. सकाळी पीटीले कोनी भेटत नव्हतं, तं हेडमास्तरनं शिट्टी माह्या गळ्यात टाकली. मले काय मालूम पळनं? सुचन ते सांगत होतो. पोरं दुसऱ्या दिवशी विसरून जात."

"सगळेच विसरले?"

"सगळेच. तूच एक निंघाला!"

सुनंदा हसली. खुर्ची गेल्याचं सगळं दुःख तिनं त्या एका हसण्यात वसूल केलं.

पायाला प्लॅस्टर लागलं. तिसऱ्या दिवशी सर रंगीत पेनं घेऊन घरी आले. बहुधा मनाला लागलं असावं. तासभर खाली मान घालून त्यांनी प्लॅस्टरवर धावणारा माणूस काढला : मान ताठ, गुडघा उंच, पाऊल हवेत, चेहरा हुबेहूब माझा. बघायला येणारे आधी माझा पाय बघायचे, मग नाइलाजानं मला.

आयुष्यात मी योग्य पद्धतीनं पळताना दिसलो तो तेवढाच. दीड महिन्यानं डॉक्टरांनी तोही मधोमध कापून कचऱ्यात टाकला.