पहिल्या रांगेतली खुर्ची

माझा स्वभावच संशयी आहे. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी मी ती उलटीपालटी करून बघते. पण आईवर मी संशय घेतला तो काही उगीच नाही. जिने उभं आयुष्य रंगमंचावर आणि टीव्हीवर खोटं रडण्यात घालवलं, तिच्या खऱ्या रडण्यावर पोटच्या पोरीने तरी किती विश्वास ठेवायचा?

आम्ही खानदेशातून सुरतेला आलेले, राहायला तिथल्या गोडादरा वस्तीत. आई दिवसा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, सुताच्या बॉबिन भरायची आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला जायची. आधी वस्तीतल्या मंडळाची मराठी नाटकं, मग गावोगाव फिरणारी गुजराती नाटकं, आणि ती बघून कुणीतरी बोलावलं म्हणून टीव्हीवरच्या मालिका. मालिकेत ती कुणाची ना कुणाची आई असायची आणि बहुतेक वेळा मरायची. दुसऱ्या दिवशी नळावर गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "अगं बाई, मावशी, तुम्ही तर काल गेलात ना!" आईही मग मेल्यासारखं करून दाखवायची. असं छान चाललेलं असताना एक दिवस तिने मालिका सोडल्या. का, तर म्हणे तिथे मजा येत नाही. कॅमेऱ्याच्या मागून कुणीतरी वाक्य सांगतं आणि आपण म्हणायचं, याला काय अभिनय म्हणतात? मजा येत नाही म्हणून हातचं काम सोडणारी बाई माझी आई नव्हे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दुसरा संशय त्याहून जुना. नाटक कुठलंही असो, मी पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसायचं, असा तिचा हट्ट. रंगमंचाचा उजेड जिथवर येतो तिथेच. पाहुणे मागे गेले तरी चालतील. मला वाटायचं, टाळ्या घरच्या माणसापासून सुरू व्हाव्यात म्हणून हा सगळा खटाटोप. लहानपणी मी तालमीच्या कोपऱ्यातच गृहपाठ करायचे, त्यामुळे सगळ्यांची वाक्यं मला पाठ. नाटक सुरू झालं की माझे ओठ आपोआप हलायचे, आवाज न करता. शेजारची माणसं वैतागायची. "ताई, काय खाताय सारखं?" असं एका काकांनी मला विचारलंही होतं.

आमच्या घरात बिनआवाजाचं बोलणं नवं नव्हतं. खात्यात मागांचे संचे धडधडत असताना ओरडून काही उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं नुसत्या ओठांनी बोलतात. आईने ते घरी आणलं. पाहुणे बसलेले असायचे आणि त्यांच्या डोक्यावरून आम्ही मायलेकी त्यांचीच निंदा करायचो, तोंडातून चकार शब्द न काढता.

एकदा मला सडकून ताप होता, तेव्हा आईने ऐन वेळी प्रयोग रद्द करायला लावला. लेकीसाठी नाटक सोडलं म्हणून सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. पण माझ्या उशाशी ती फारशी बसली नाही. खिडकीत उभी राहून फणफणत होती. लेकीची एवढी काळजी, मग हा राग कुणावर? मी तापातही हेच पुटपुटत होते.

गेल्या वर्षी तिला नवं नाटक मिळालं. बरीच वर्षं घरी बसल्यानंतर मोठी भूमिका, तीही म्हाताऱ्या आईचीच. बाई नव्या नवरीसारखी घरभर फिरायला लागली, मला समोर बसवून बाकीच्यांची वाक्यं म्हणून घ्यायला लागली. आणि त्याच आठवड्यात कुकरने शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या, डाळ करपली, वास सगळ्या गल्लीत गेला, आणि आई कुकरकडे पाठ करून शांतपणे मेथी निवडत बसलेली!

मग मी सापळे लावले. तिच्या मागे उभी राहून म्हटलं, "आई, तुझी सोन्याची पोत सापडत नाहीये." पोतीचं नाव ऐकून माझी आई गाढ झोपेतूनही उठली असती. ही ढिम्म. मी पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा गोड हसून म्हणाली, "काय गं, काही म्हणालीस?"

"तुला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"माले समदं ऐकू येस!" ती गरजली. चिडली की ती अहिराणीवर येते.

"दिग्दर्शकांना सांगू या. भर प्रयोगात फजिती झाली म्हणजे?"

"खबरदार सांगितलंस तर! हे काम गेलं तर मी काय करू? खाटेवर पडून पंख्याचे फेरे मोजू?" मग तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यात अमेरिकेतली एक म्हातारी नटी होती. नाटकातून टीव्हीवर गेली, टीव्हीवरून पुन्हा नाटकात आली, केस पांढरे झाले तरी उभीच आहे, असं आईचं म्हणणं. "हिची पोरगी हिच्या कानांची परीक्षा घेते का?"

"ती बाई लूमच्या खात्यात नव्हती," मी म्हणाले.

आई फोन घेऊन आत निघून गेली. मला इतका संताप आला होता की पहिल्या प्रयोगाला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले. म्हटलं, हसू झालंच तर तोंड लपवायला अंधार तरी असेल.

पडदा उघडला. आईने येताच पहिल्या रांगेकडे पाहिलं. मधली खुर्ची रिकामी. समोरासमोरचे प्रसंग तिने झकास केले. मग तो प्रसंग आला ज्यात मुलगा खिडकीशी पाठमोरा उभा राहून म्हणतो, "आई, मी घर विकलंय." तो म्हणाला. आई गप्प. तो जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला. आई गप्पच. लोक खाकरायला लागले. आणि तिची नजर त्या पोराकडे नव्हतीच, ती रिकाम्या खुर्चीवर खिळलेली होती.

देवा रे! मला तेव्हा कळलं. मी लोकांचे पाय तुडवत, शिव्या खात पुढे धावले आणि त्या खुर्चीत आदळले. ओठांनी म्हटलं, "आई, मी घर विकलंय." आईने मोठा श्वास सोडला. ती मुलाकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मग मला कुठल्या खोलीत ठेवणार?"

सगळ्या नाट्यगृहात टाळ्या पडल्या.

नंतर रंगपटात दिग्दर्शक तिच्याभोवती नाचत होते. "काय पॉज घेतलात हो बाई! अंगावर काटा आला." आई आरशासमोर बसून खोबरेल तेलाने रंग पुसत होती. मी तिच्या मागे उभी राहिले आणि आरशातून, नुसत्या ओठांनी विचारलं, "कधीपासून?"

तिनेही आवाज न करता उत्तर दिलं, "तू शाळेत जायचीस तेव्हापासून."

मला तो ताप आठवला. खिडकीत फणफणणारी आई आठवली. तेव्हा खाटेवर मी पडले होते, म्हणजे तिचे कान पडले होते. मला रडूही आलं आणि तिचा गळा धरावासाही वाटला.

घरी आल्यावर दार लावलं आणि तिच्यासमोर उभी राहून ओरडले, "इतकी वर्षं! मला एकदा सांगता आलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर तू मुद्दाम ओठ हलवले असतेस," ती म्हणाली. "आणि तुला अभिनय अजिबात येत नाही."

दिग्दर्शकांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या प्रयोगाला मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडदा उघडला, आईने माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला दरदरून घाम फुटला. पुढचं वाक्य काय होतं, तेच मला आठवेना.