शिवलेला अर्ज

आमच्या मावशीच्या शिवणवर्गात एक नियम आहे. कटिंगच्या टेबलावर पडलेला कागद हा कटिंगचाच कागद. जुनी वर्तमानपत्रं, कॅलेंडरची पानं, वीजबिलं, जे हाताला लागेल त्याची बाही नाहीतर कॉलर होते. हा नियम मला लहानपणापासून पाठ आहे. तरीही अनुदानाचा भरलेला अर्ज मी त्याच टेबलावर पालथा ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. आता बोला.

मावशी जन्मभर कपडे शिवत आली. गुडघे बोलायला लागले तेव्हा दुकान बंद करते म्हणाली होती. तेवढ्यात लढाईमुळे घरदार सोडलेली माणसं शहरात यायला लागली. दुकान बंद करायचं राहिलं बाजूला, मावशीनं उलट मागची खोली भाड्यानं घेतली आणि त्यांच्यातल्या बायकांना शिवण शिकवायला बसली. आता अकरा जणी येतात, मशीन चार. भाडं थकलं तसा मालकानं महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितलं. नेमकी तेव्हाच पालिकेनं असं काम करणाऱ्या लहान संस्थांसाठी छोटी अनुदानं जाहीर केली. मिळालं तर खोली टिकणार, वर तीन मशीन येणार. नाही मिळालं तर कुलूप. अर्जबिर्ज म्हटलं की मावशीचं डोकं उठतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

चहा घेऊन बाहेर आले तर शेवटच्या पानाची बाही झालेली. लहान मुलाच्या सदऱ्याची, अगदी सुबक. कात्री कोटवालीच्या हातात होती. ही अकरा जणींतली सगळ्यात नवी. भर उकाड्यातही अंगातला जाड कोट काढत नाही, म्हणून हे नाव. नियमाप्रमाणे वागली बिचारी, चूक माझी होती. पण त्याच पानावर आमच्या वर्गाच्या संस्थेचा शिक्का होता आणि संस्थेचे अध्यक्ष असलेल्या डॉक्टरांची सही होती. डॉक्टर सकाळीच परगावी गेलेले. अर्ज घ्यायची मुदत पाचपर्यंत, आणि घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालेली.

"चिकटपट्टी लाव की," मावशी म्हणाली.

मी अर्जावरची सूचना वाचून दाखवली. गोंद, चिकटपट्टी किंवा खाडाखोड असलेला अर्ज बाद.

कोटवालीला आमची भाषा जेमतेम येते, पण काय झालंय ते तिला एव्हाना कळलं होतं. तिनं केराच्या डब्यातून उरलेले तुकडे शोधले, टेबलावर जुळवले आणि मशीनवर जाऊन बसली.

"अगं, कागद आहे तो. फाटेल," मावशी म्हणाली.

"बारीक टाका, फाटतो," ती म्हणाली. "मोठा टाका, नाही फाटत." मग तिनं कोटावर, बरगडीपाशी, हात आपटला. आतून कागदाचा आवाज आला. "माझे सगळे कागद. मी शिवले."

आठ महिने आम्ही त्या कोटाची थट्टा करत होतो. मला लाज वाटली, पण लाजायला वेळ नव्हता. मशीन सुरू झालं होतं. बाकीच्या दहा जणी भोवती उभ्या. सुई सहीच्या जवळ आली तेव्हा तिनं पायडल सोडलं आणि चाक हातानं एकेक टाका फिरवलं. सही वाचली. शिक्क्याच्या मधून मात्र निळा दोरा गेला.

मग आम्ही पळालो. गुडघ्यांचं रडगाणं गाणारी मावशी माझ्या पुढे होती. कोटवाली अर्ज दोन्ही हातांनी छातीशी धरून तिच्याही पुढे. पालिकेच्या खिडकीशी पोचलो तेव्हा कारकून टेबल आवरत होता.

"हे काय?" त्यानं पान उजेडात धरलं. "फाटका अर्ज चालत नाही."

"फाटका कुठाय, दादा?" मावशी धापा टाकत म्हणाली. "शिवलाय."

त्यानं सूचना वाचल्या. गोंद, चिकटपट्टी, खाडाखोड. पुन्हा वाचल्या. शिलाईचं नाव कुठेच नव्हतं. त्यानं शिवणीवरून बोट फिरवलं. "कुणी शिवलं?"

"जिच्यासाठी मागतोय, तिनं," मावशी म्हणाली.

त्यानं कोटवालीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पोचेचा शिक्का मारला. जपून, शिवण सोडून. बाहेर येऊन मावशीनं पायरीवर बसकण मारली आणि आम्ही तिघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

तीन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं आणि कटिंगच्या टेबलापासून लांब, मावशीच्या कपाटात ठेवलं. गडबड, गोंगाट, मिठ्या. त्या सगळ्यात कोटवाली माझ्याजवळ आली.

"खोली राहणार?"

"राहणार."

"नक्की?"

"नक्की."

तिनं कोट काढला. टेबलावर पसरला आणि कात्रीच्या टोकानं अस्तराची शिवण उसवली. आतले कागद काढून, घड्या सरळ करून, कपाटात मंजुरीच्या पत्राखाली ठेवले आणि कपाट लावून किल्ली मावशीच्या हातात दिली. मावशी डोळे पुसत मशीनवर बसली. तिनं अस्तर पुन्हा शिवून दिलं, या वेळी बारीक टाक्यानं.