वेणूचे पाय

मोठ्याबाई गेल्याचा निरोप नागभीडहून आला तेव्हा मी चांद्याच्या शाळेत पहिलीच्या पोरांना रांगेत बसवत होते. हिवतापानं गेल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण तेराव्याला गावातल्या बायांनी कुजबुज केलीच... "देवाचा नवस मोडला होता ना!" मला तेव्हाही राग आला आणि आता लिहितानाही येतो आहे. हिवताप डासांनी येतो, देव तो पाठवत नाही.

मोठ्याबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि माझी पहिली दोन्ही मुलं वर्ष भरायच्या आत गेली होती. वेणूच्या वेळी मला दिवस राहिले तेव्हा बाईंनी कुणाला न विचारताच मार्कंडादेवाला बोलून टाकलं, की महाशिवरात्रीच्या जत्रेत लेकरू तुझ्या पायावर घालू आणि तोवर त्याला मातीला टेकवणार नाही. पोटातल्या जिवाशी त्या रोज बोलत. "आयकून राह्यला ना रे बाळा?" मला हसू यायचं. पण वेणू जन्मली आणि घरभरच्या आवाजांतून नेमकी बाईंच्या आवाजाकडे मान वळवू लागली, तेव्हा माझं हसणं थांबलं.

पहिल्या जत्रेला वेणूला गोवर निघाला, दुसऱ्या जत्रेला घरात सासऱ्यांचं सुतक. वेणू या कडेवरून त्या कडेवर वाढत राहिली. बोलायला लवकर लागली, कारण कान सदा कुणाच्या तरी तोंडाशी. अनोळखी माणूस दिसला की बाईंच्या पदरात तोंड खुपसायची. मूल कधी बसतं, कधी रांगतं, कशाला धरून उभं राहतं, सगळं माझ्या ट्रेनिंगच्या पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं मूल जमिनीवर होतं आणि आमचं काखेत! मी एकदा चटई अंथरायचं सुचवलं. "चटईच्या खाली मातीच हाये ना?" बाई म्हणाल्या. मी चटई परत कोपऱ्यात ठेवली. दोन लेकरं गमावलेली आई देवाशी हुज्जत घालत नाही.

तिसरी जत्रा अजून लांब होती, धानकापणीचे दिवस होते. ओसरीवर बाई वेणूला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. शेजारची, वेणूहून लहान पोरगी अंगणात कोंबड्यांमागे धावत होती आणि वेणू नुसतीच "कोंबडी, कोंबडी" म्हणत हात नाचवत होती. बाईंचा हात तिच्या बारक्या पोटऱ्यांवर थांबला.

"हिचे पाय पाह्यले का तू?"

"रोजच पाह्यतो, बाई," मी म्हणाले.

"असं लेकरू देवाच्या पायावर घालू? त्याले काय वाटंन?"

त्या उठल्या. पायरीशी काढलेल्या वहाणा न घालताच अंगणात उतरल्या. वेणूचे तळवे स्वतःच्या पावलांवर ठेवले, तिचे दोन्ही हात धरले आणि तिला तसंच चालवत तुळशीपर्यंत नेलं. मग अलगद मातीवर ठेवलं. वेणूने किंकाळी फोडली, पाय पोटाशी घेतले. बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्यांनी तिला उचललं नाही. "पाप लागलं तं मले लागो," त्या मला म्हणाल्या. "हिचे पाय आता माह्या नावावर."

त्या दिवसापासून बाईंनी वहाणा घातल्या नाहीत. बांधावर नाही, काट्याकुट्यात नाही. तिसऱ्या जत्रेला वेणू वैनगंगेच्या वाळूतून आपल्या पायांनी देवापर्यंत गेली. मधेच दमून बसली, तेव्हा बाईही शेजारी वाळूत बसून राहिल्या. त्यांच्याएवढं धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही...

शेतावरून आल्या की बाई स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या पोत्यावर पाय पुसत, बराच वेळ. तेराव्यानंतर आम्ही निघालो तेव्हा ते पोतं तिथेच होतं. वेणू आता शाळेत जाते. तिने चपला काढल्या, पोत्यावर उभी राहिली आणि पाय घासू लागली.

"काऊन पुसून राह्यली गं? माती तं लागलीच नाई," मी विचारलं.

"बाईचे हायेत ना," ती म्हणाली आणि दुसरा पाय पुसू लागली.