भगवानरावांचा गोल्फचा गॉगल

भगवानरावांनी काउंटरवर एक लांब लोखंडी काठी आडवी ठेवली. तिच्या टोकाला चपटा, वाकडा पाय होता. मला वाटलं, भगवानराव दुकान चुकले. माझ्या शेजारी वेल्डिंगवाला आहे.

"ताई, याच्यावर शोभन असा गॉगल दाखवा," ते म्हणाले.

"हे काय आहे?"

"गोल्फची काठी. व्याह्यानं देल्ली."

रिसोडमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढते आणि चष्मा करून देते. डॉक्टर नाही, ऑपरेशन करत नाही. हे मी रोज कुणाला तरी सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच असतं.

भगवानराव केनवडचे. घरची शेती, साठीला आलेले, चष्मा माझ्याकडचाच. त्यांची मुलगी पूजा नागपूरला नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या मुलाशी तिचं जमलं होतं, आणि दोन्ही घरांनी मान डोलावली होती. मुलाचे वडील गावंडेसाहेब हे निवृत्त इंजिनिअर. दर रविवारी गोल्फ खेळतात. मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी भगवानरावांना ही काठी आणि एक चेंडू भेट दिला आणि म्हणाले, "नागपूरला या. एक डाव खेळू, मग निवांत बसून साखरपुड्याची तारीख धरू."

म्हणजे आधी गोल्फ, मग तारीख.

"खेळता येतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"विटीदांडू खेळलो ना बाप्पा. तिथी विटी उडते, इथी गोटी उडते."

"मग गॉगल कशाला?"

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. हिरव्यागार गवतावर पांढऱ्या टोप्या घातलेली मंडळी, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. "मी एकटाच उघड्या डोळ्याचा गेलो त पोरीले शरम वाटन. अन् काळा कुट्ट पाह्यजे. दुकानात असन तेवढा काळा."

माझी एक पद्धत आहे. गिऱ्हाईक रंग सांगतं, मी आधी प्रश्न विचारते. कुठे घालणार? किती वाजता? काय पाहायचं आहे? गोल्फसाठी गॉगल मी जन्मात विकला नव्हता, म्हणून अकोल्याच्या लेन्सवाल्याला फोन लावला. त्याने सांगितलं ते साध्या भाषेत असं. हिरव्यावर पांढरा चेंडू उठून दिसायला काळ्यापेक्षा तपकिरी काच बरी. पोलराइज्ड काच पाण्यावरची, रस्त्यावरची चकाकी मारते, ड्रायव्हिंगला उत्तम. पण गवताची चमक पाहून जमिनीचा उतार ओळखतात म्हणे, म्हणून काही खेळाडू ती टाळतात. फ्रेम बाजूनेही डोळा झाकणारी हवी, कारण ऊन आणि धूळ समोरूनच येतात असं नाही. आणि खाली वाकल्यावर ती घसरता कामा नये.

रस्त्यावर विकतात त्या काळ्या काचेबद्दल माझं स्वतःचं मत मी त्यांना सांगितलं. काळोख दिसला की डोळ्यातली बाहुली मोठी होते. काच नुसतीच काळी असेल आणि अतिनील किरण अडवत नसेल, तर उघड्या दारातून चोर आत घेतल्यासारखं होतं.

"चोर राहू द्या. दिसते कसं थे सांगा," भगवानराव म्हणाले.

खरी अडचण वेगळीच होती. त्यांचा चष्मा बायफोकल. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून वाचायचं. गोल्फचा चेंडू पायाशी असतो. खाली पाहिलं की नजर वाचायच्या भागातून जाते, आणि चेंडू पोथीच्या अंतरावर नसल्यामुळे धूसर दिसतो.

हे मला करून पाहायचं होतं. मार्च महिन्यात आमच्या भागात हिरवं, सपाट आणि मोकळं असं एकच ठिकाण सापडतं: मंगल कार्यालयाचं लॉन. दुपारी तिथे कुणाचं लग्न नव्हतं. भगवानरावांनी बायफोकल लावून काठी फिरवली. चेंडू जागेवर राहिला आणि प्लॅस्टिकच्या गवताची एक पट्टी उपटून आली. मग मी तपासणीच्या फ्रेममध्ये फक्त लांबचा नंबर आणि वर तपकिरी काच घालून दिली. चेंडू थेट वरवधूच्या सिंहासनावर जाऊन आदळला.

"हाच!" भगवानराव ओरडले.

फ्रेम मी निवडली: मोठी, वळणदार, दोन्ही बाजूंनी बंद. लांबच्या नंबरचा गॉगल तयार झाल्यावर नेहमीच्या सूचना दिल्या. वळणदार काचेत पहिले काही दिवस जमीन वाकडी भासते, म्हणून सवय होईपर्यंत रोज घाला. पायऱ्या जपून उतरा. घाई करू नका.

भगवानरावांनी सगळ्या सूचना तंतोतंत पाळल्या. इथेच घोटाळा झाला.

आता त्यांच्या गावाच्या नजरेने पाहा. साठीचा माणूस. डोळ्यांवर मोठा, बाजू झाकलेला गडद गॉगल. हातात लोखंडी काठी. पाय चाचपडत पायरी उतरतोय. आमच्या खेड्यांत असा गॉगल घालून फिरणारा म्हातारा माणूस एकाच कारणाने फिरतो. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं.

आणि ऑपरेशन झालं की भेटायला जायचं असतं. संध्याकाळपर्यंत ओसरीवर माणसं जमली. कुणी केळी आणली, कुणी नारळ, कुणी गाईचं दूध. नंतर भगवानरावांनीच मला हे सगळं सांगितलं. पहिले आले ते शेजारचे किसनबुवा.

"कोन्ता डोया?"

"डोयाले काई झालं नाई, बुवा. गोल्फसाठी घातला."

"असन, असन. डोक्यावरून पानी घेऊ नोको. वाकू नोको. वांगं त बिलकुलच नाई."

"अवो, ऑपरेशनच नाई झालं!"

किसनबुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजते मले. पोरीचं जमून राह्यलं. अशा टायमाले मानूस लपवतेच."

म्हणजे जितकं नाही म्हणावं, तितकं ते पक्कं होत होतं. भगवानरावांनी गॉगल काढून ठेवला, तर लोक म्हणाले, व्याह्याच्या भीतीने काढला, बिचाऱ्याचा डोळा जाईल.

गावंडेबाईंचं, म्हणजे होणाऱ्या विहीणबाईंचं, माहेर अनसिंग. केनवडची बातमी अनसिंगला पोहोचायला आणि तिथून नागपूरला जायला फोन आहेतच. बातमी पोहोचली ती अशी: मुलीच्या बापाचे दोन्ही डोळे गेले, घराण्यातच आहे, आणि लपवून ठेवलंय.

गावंडेसाहेबांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. तारखेचं जरा थांबू, म्हणाले. रविवारी आम्हीच भेटायला येतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतेय तोच भगवानराव आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई दारात उभे.

"ताई, तुमी गॉगल देल्ला का पोरीचं लगन मोडाचं औषध देल्लं?" सुमनबाईंनी सुरुवात केली. "पोरगी दोन दिसांची जेवली नाई. तुमी लिवून द्या, याहीचे डोये चांगले हायेत म्हणून."

"मी लिहून देईन. पण ज्या बाईने गॉगल विकला तिचाच कागद कोण मानेल?"

"मंग काय कराव?"

मी विचार केला. सांगून पटत नसेल तर दाखवावं. "ते रविवारी येताहेत ना? मग वावरात गोल्फ खेळून दाखवा. आंधळा माणूस चेंडू मारेल का?"

"तुमी येसान?" भगवानरावांनी विचारलं.

येते, मी म्हणाले. आपल्या मालाची जबाबदारी आपली.

रविवारी मी केनवडला गेले तेव्हा हरभरा काढलेल्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सगळं गाव जमलेलं. गावंडे पतिपत्नी खुर्च्यांवर. समोर फळांची टोपली, कारण भेटायला रिकाम्या हाताने येत नाहीत. पूजा आईच्या मागे उभी. तिचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा वाटलं, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

भगवानराव काठी घेऊन वावरात उतरले, आणि मी डोक्याला हात लावला. डोळ्यांवर बायफोकल होता.

"गॉगल कुठे आहे?" मी सुमनबाईंना विचारलं.

"म्या लपवून ठेवला. त्याच्यानंच त सारा इस्कोट झाला."

तोवर पहिला फटका गेला. मातीचं ढेकूळ उडालं, चेंडू जागेवर. दुसरा फटका. आणखी मोठं ढेकूळ. धुऱ्यावर कुजबुज सुरू झाली.

"दिसून नाई राह्यलं रे त्याले."

"काहून कष्ट देता बिचाऱ्याले? बसवा त्याले."

गावंडेबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पूजा खाली पाहू लागली. गॉगल घातला तर माणूस आंधळा ठरत होता आणि काढला तर खरोखरच चेंडू दिसत नव्हता. मी सुमनबाईंना म्हणाले, "गॉगल आणा. आत्ता."

त्यांनी पदराखालून काढला. मी वावरात जाऊन भगवानरावांच्या डोळ्यांवर स्वतः चढवला. "खाली पाहा. दिसतो?"

"झकास दिसते."

त्यांनी काठी विटीदांडूसारखी फिरवली. टण्ण! चेंडू गावंडेसाहेबांच्या डोक्यावरून गेला, आंब्याच्या पलीकडे पडला आणि दिसेनासा झाला. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात. गोल्फवाले एका भोकासाठी जीव टाकतात. इथे वावरभर भोकं. कुणालाच चेंडू कुठे गेला कळलं नाही. भगवानराव मात्र सरळ एका भेगेपाशी गेले आणि वाकले.

"वाकू नोको!" सगळा धुरा एका आवाजात ओरडला.

त्यांनी चेंडू काढून वर धरला. मला वाटलं, झालं, सिद्ध झालं. माणसाला उत्तम दिसतं.

किसनबुवा पुढे आले. "पाहा लेकहो! ऑपरेशन असं होते! भगवान, कोठी केलं रे?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी गावंडेसाहेबांकडे गेले. "साहेब, यांचं कुठलंही ऑपरेशन झालेलं नाही. ऑपरेशनमध्ये डोळ्यात कृत्रिम भिंग बसवतात. टॉर्च मारला तर ते कधी कधी चमकतं. तुम्ही इंजिनिअर आहात, स्वतः पाहा."

साहेबांनी माझा टॉर्च घेतला, भगवानरावांचा गॉगल वर केला आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"चमकतंय," ते म्हणाले. "सुंदर बसवलंय."

"साहेब, तो टॉर्चचाच उजेड आहे."

"मॅडम, तुम्ही त्यांची बाजू घेताय ते मी समजू शकतो." मग त्यांनी भगवानरावांचा हात हातात घेतला. "अहो, मोतीबिंदूचं काय एवढं? माझ्या वडिलांचं झालं होतं. आम्हाला ऑपरेशनचं वाईट वाटलं नाही. लपवलंत, त्याचं वाटलं. घरच्यांपासून लपवायचं?"

भगवानरावांनी तोंड उघडलं. ते पुन्हा नाही म्हणणार, हे मला दिसत होतं. आणखी एक 'नाही' आणि पाहुणे गाडीत बसणार, हेही दिसत होतं. तेवढ्यात पूजा त्यांच्या कानाशी आली. मी शेजारीच होते.

"बाबा, हो म्हणून टाका ना."

भगवानरावांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"चुकलंच जरा, साहेब. सांगाले पाह्यजे होतं."

"कोणता डोळा?"

"उजवा," भगवानराव म्हणाले. थोडं थांबून, प्रामाणिक माणूस असल्यामुळे, पुढे म्हणाले, "डावा चांगला हाये."

साखरपुड्याची तारीख तिथेच, धुऱ्यावर ठरली. सुमनबाईंनी मला चहा दिला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. ऑपरेशन झालं त झालं."

साखरपुडा रिसोडच्या त्याच लॉनवर झाला. भगवानरावांना मांडवाच्या सावलीत गादीच्या खुर्चीवर बसवलं होतं. कुणी त्यांना वाकू दिलं नाही, पाटही उचलू दिला नाही. पंगतीत त्यांच्या ताटात वांग्याची भाजी पडली, तर गावंडेबाईंनी स्वतः ती काढायला लावली. गोल्फचं गावंडेसाहेबांनीच रद्द केलं. "डोळ्याला ताण नको. वर्षभर तरी काठी हातात घेऊ नका," असं त्यांनी बजावलं. त्यामुळे जिल्ह्यात मी विकलेल्या एकमेव गोल्फच्या गॉगलने गोल्फचं मैदान अजून पाहिलेलं नाही. भगवानराव तो घालून मळणीयंत्रावर उभे राहतात. धुळीला फार चांगला आहे म्हणतात.

केनवडची म्हातारी माणसं अजून माझ्याकडे येतात आणि भगवानरावांचा डोळा ज्याने केला त्या डॉक्टरचा पत्ता मागतात. मी त्यांचे डोळे तपासते. ज्याला खरंच मोतीबिंदू आहे, त्याला सरकारी दवाखान्यात पाठवते. असे बरेच निघाले. ऑपरेशनला घाबरून घरी बसलेली माणसं, भगवानरावांचा फटका पाहून तयार झाली.

गॉगल विकताना मी अजूनही तेच प्रश्न विचारते: कुठे घालणार, किती वाजता, काय पाहायचं आहे. त्यात एकाची भर घातली आहे. तुम्हाला कोण कोण पाहणार आहे?