उलटी बसलेली स्लाइड

मंडळात सगळे त्याला फोकस म्हणत. सत्तावीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्या माणसाला अंधारातून "अहो, फोकस! फोकस!" अशा हाका ऐकाव्या लागतात, त्याचं दुसरं काय होणार? शेवटी शेवटी तर घरचा दूधवालाही त्याला "फोकसदादा, आज अर्धा लिटर का?" असं विचारायला लागला.

मंडळ होतं प्रवाशांचं. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दहाला जमायचं, खिडक्यांचे काळे पडदे ओढायचे आणि जो कोणी नुकताच जग बघून आला असेल त्याने आपल्या स्लाइड दाखवत तिथल्या गमती सांगायच्या. कोणी गुलाबी पाण्याचं तळं बघून आलेलं, कोणी छतातून आत शिरायच्या घरांचं गाव. एकदा एक निवृत्त मास्तर वाळवंटातल्या एका वाऱ्याबद्दल तासभर बोलले आणि दाखवायला त्यांच्याकडे वाऱ्याने उडालेल्या टोपीचा एकच फोटो होता. लोकांनी तोही गोड मानून घेतला.

या सगळ्यांना जग दाखवणारं मशीन चालवायचं फोकसने. बाकीचे दिवस तो खालच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. स्वतः कधी स्टेशनापलीकडे गेला नव्हता, आणि स्टेशनावर जायचा तेही कोणालातरी पोचवायला. पण गडी भलताच पक्का. बोलणारा चुकला की मशीनमागून आवाज यायचा, "अहो, हा धबधबा गेल्या वर्षी बँकेतल्या बाईंनी दाखवला होता. तो डोंगराच्या पलीकडचा." आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं, याचा लोकांना फार राग यायचा.

पडद्याच्या दुसऱ्या बाजूला त्याची बहीण. वयाने चार वर्षांनी धाकटी, पण सगळ्यांसारखा तोही तिला ताईच म्हणे. पडदा म्हणजे हॉलच्या टोकाला ताणून बांधलेली पातळ पांढरी चादर. तिच्यामागे शेगडी, मोरी, कपबशा आणि ताईचं चहाचं राज्य. चित्र चादरीच्या आरपार दिसायचं, म्हणजे ताईनेही सगळं जग पाहिलं होतं, फक्त मागून. पुढच्यांना जे डावीकडे दिसे ते तिला उजवीकडे. तिला त्याची इतकी सवय झाली होती की ती मनातल्या मनात सुलटं करूनच बघायची. कोणी म्हणालं, "काय सुंदर सूर्य मावळला, उजव्या डोंगरामागे!" की ती आतून ओरडे, "माझ्याकडे डावीकडे मावळला, पण चहा दोन्हीकडे सारखाच आहे. या घ्यायला."

हसरी होती ताई. तरी तिच्याशी बोलताना लोक आवाज जरा उतरवूनच बोलत. कारण तिचा नवरा जहाजासकट समुद्रात बुडाला होता.

हा नवरा म्हणजे एक वल्लीच. एका खाणावळीत भाज्या सोलायच्या कामाला होता. हाताने डावखुरा, आणि सुरी चालवण्यात असा तयार की बटाट्याची साल एका फेऱ्यात काढायचा, मधे न तोडता, आणि ती साल मुलांच्या गळ्यात घालायचा. डोक्यात मात्र जग बघायचं वेड. दर रविवारी शेवटच्या रांगेत येऊन बसायचा आणि स्लाइड संपल्या की सगळ्यांत शेवटी उठायचा. फोकसला त्याची दया आली. मंडळात एक गृहस्थ जहाज कंपनीतले होते, त्यांच्याकडे फोकसने शब्द टाकला. मेव्हण्याला जहाजाच्या स्वयंपाकघरात काम लागलं. स्टेशनावर पोचवायला फोकसच गेला होता.

दीड वर्षाने कंपनीचं पत्र आलं. वादळात जहाज फुटलं, खाली नावांची यादी, आणि याच्या नावापुढे "बेपत्ता". फोकसनेच ते ताईला वाचून दाखवलं. त्यापुढे सहा महिने तो कंपनीच्या कचेरीत खेटे घालत होता. शेवटी तिथल्या साहेबाने हात जोडले आणि म्हणाला, "अहो, समुद्र आहे तो. आता आशा सोडा."

त्या दिवसापासून फोकसच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. मी मारला. मी शब्द टाकला नसता तर हा आज खाणावळीत बटाटे सोलत असता. हे तो कोणाजवळ बोलला नाही, ताईजवळ तर नाहीच. त्याने ताईला आपल्या घरी आणलं, दोन खोल्यांतली उजेडाची खोली तिला दिली आणि तिचं पुन्हा मार्गी लावायचं एवढा एकच ध्यास घेतला. तीन स्थळं आणली. ताईने तिन्ही वेळा मान हलवली, नाही. का, ते सांगेना. यालाही विचारायचं धाडस होईना.

अकरा वर्षं अशी गेली. आणि यंदा कुठे चमत्कार झाला! हॉलच्या खुर्च्या दुरुस्त करायला येणारा सुतार, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, सरळ माणूस, त्याला ताई स्वतःहून हो म्हणाली. येत्या गुरुवारी लग्नाच्या कचेरीत जाऊन सह्या करायच्या होत्या. फोकस इतका हलका झाला होता की काचा घासताना शीळ घालायचा. दुकानाच्या मालकाने विचारलंसुद्धा, "लग्न तुझं आहे की बहिणीचं?"

तर गुरुवारच्या आधीचा हा रविवार. बोलणार होते दातांचे डॉक्टर. विषय, "जगातल्या दहा गमती". डॉक्टर भारी शिस्तीचे. आपल्या स्लाइडना लाल टिकल्या घरूनच लावून आणायचे. टिकली अंगठ्याखाली आली की स्लाइड बरोबर बसली, एवढा साधा हिशोब. डॉक्टरांच्या टिकल्या म्हटल्यावर फोकसने तपासल्याही नाहीत. बसवत गेला.

सहा गमती झाल्या. सातवीला डॉक्टर म्हणाले, "आता एक आख्खं गाव पायऱ्यांचं. रस्ताच नाही, नुसत्या पायऱ्या. आणि तिथली गंमत म्हणजे हा माणूस!"

खट्. स्लाइड पडली.

पायरीवर एक जाडसर माणूस बसला होता. मांडीवर हा एवढा थोरला लाल भोपळा. त्याची साल एकसंध, कुठेही न तुटता, पायऱ्यांवरून खाली उतरत गेलेली. भोवती लोक टाळ्या वाजवतायत आणि मागे दुकानावर कुठल्याशा लिपीतली पाटी.

"चौदा पायऱ्या!" डॉक्टर म्हणाले. "मी स्वतः मोजल्या. साल चौदा पायऱ्या खाली गेली होती!"

लोकांनी "अरे बापरे!" केलं. फोकस मात्र मशीनमागून पुढे वाकला. तो चेहरा! केस विरळ झालेले, गाल भरलेले, पण ते बाहेर आलेले कान आणि काम करताना जिभेचं टोक ओठात धरायची ती लकब! बोट बटणावर होतं तिथेच राहिलं. चादरीमागे काहीतरी खळ्ळकन फुटलं.

"फोकस, पुढची!" डॉक्टर म्हणाले. "अहो, झोप लागली का?"

आणि तेवढ्यात त्याला दिसलं, की सुरी उजव्या हातात आहे.

उजव्या. नीट पाहिलं. उजव्याच. मेव्हण्याने उजव्या हातात सुरी धरल्याचं जन्मात कोणी पाहिलं नव्हतं. उजव्या हाताने त्याला धड बशी उचलता यायची नाही. म्हणजे हा दुसराच कोणीतरी. जगात एकासारखे एक असतात म्हणतात, त्यातला. फोकसचा जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच क्षणाला त्याला स्वतःची शिसारी आली. एक माणूस मेलेलाच आहे, म्हणून आपल्याला हायसं वाटलं? त्याने पुढची स्लाइड दाबली.

उरलेल्या तीन गमती कोणत्या होत्या, ते त्याला आजही सांगता यायचं नाही.

चहाच्या वेळी तो चादरीमागे गेला. ताई फुटक्या कपाचे तुकडे गोळा करत होती.

"पाहिलंस?" त्याने हळूच विचारलं.

"पाहिलं," ताई खालीच बघत म्हणाली. "तो नव्हे. मला मागून डाव्या हातात सुरी दिसली, म्हणजे पुढून उजव्या. खरं ना?"

"खरं."

"मग झालं तर. जा, डॉक्टरांना बिनसाखरेचा नेऊन दे."

लोक गेले. फोकस पडदे उघडून, खिडकीशी बसून डॉक्टरांच्या स्लाइड डब्यात भरायला लागला. सातवी हातात आली तशी पुन्हा एकदा बघावी म्हणून त्याने ती उजेडात तिरकी धरली, आणि हात थबकला.

स्लाइडला दोन अंगं असतात. एक काचेसारखं चकचकीत, दुसरं मळकट, मंद. चकचकीत अंग दिव्याकडे आणि मंद अंग पडद्याकडे, असं बसवलं तरच चित्र सुलटं पडतं. टिकली लावायची ती चकचकीत अंगावर. या एकाच स्लाइडवर डॉक्टरांनी ती मंद अंगावर लावली होती. म्हणजे चित्र उलटं पडलं होतं, डाव्याचं उजवं होऊन. एरवी मागच्या पाटीवरून चूक पकडली असती कोणीतरी. पण त्या लिपीत सुलटं काय आणि उलटं काय, इथे कोणाला कळणार होतं?

त्याने स्लाइड फिरवून खिडकीकडे धरली. सुरी डाव्या हातात होती.

तो तसाच खुर्चीत बसून राहिला, एक डोळा मिटलेला, स्लाइड उजेडाला धरलेली. जिवंत आहे! चांगला गुटगुटीत, टाळ्या घेतोय! मग अकरा वर्षं आपण कोणाच्या मरणाचं ओझं वाहिलं? आणि गुरुवारचं काय? ही स्लाइड डब्यात टाकली, डबा डॉक्टरांना दिला, की प्रश्न मिटला. कोणाला कळणार नाही. ताई सुखाने नांदेल. पण ज्याच्या जिवावर एकदा आपण उठलो असं इतकी वर्षं वाटलं, त्याला आता जिवंतपणी पुन्हा मारायचं? त्याच्याच्याने होईना. आणि सांगावं तर बहिणीच्या संसारावर आपल्याच हाताने नांगर! दोन वेळा त्याने स्लाइड डब्यात घातली, दोन वेळा काढली.

शेवटी उठला आणि चादरीमागे गेला. ताई कप विसळत होती.

"ताई, नळ बंद कर. घाबरू नकोस. ती स्लाइड उलटी बसली होती." त्याचा आवाज फाटला. "सुरी डाव्या हातात आहे. तोच आहे गं तो."

ताईने नळ बंद केला. स्लाइडकडे पाहिलंही नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "हात कशाला बघायला हवा? कान नाही का ओळखत मी?"

"मग मघाशी तो नव्हे म्हणालीस ते?"

"तू घाबरला होतास म्हणून. दादा, तो जिवंत आहे हे मला आठ वर्षांपासून माहीत आहे."

आपण ऐकलं ते बरोबर की चूक, तेच फोकसला कळेना.

"पत्र आलं होतं त्याचं," ताई सांगायला लागली. "मासेमारीच्या बोटीने काढला त्याला. तिथेच राहिला. बाई आहे, मुलं आहेत. लिहिलं होतं, मला मेलेलाच समज. सोबत सही केलेले घटस्फोटाचे कागद. मंडळातल्या वकीलबाईंनी मला गुपचूप मोकळं करून दिलं, केव्हाच. सुताराला सगळं सांगितलंय मी. त्या तिघांना तू विधवा म्हणून सांगितलं होतंस ना, खोट्यावर कशी उभी राहू? म्हणून नाही म्हणत होते."

"आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर मिळेल ते जहाज पकडून त्याला कानाला धरून आणायला निघाला असतास. आणि लाज वाटायची रे. विधवा म्हटल्यावर लोक मान खाली घालतात. टाकलेली म्हटल्यावर मान वर करून बघतात. तुझी मान खाली जायला नको म्हणून गप्प बसले. तुझं त्यात काय अडत होतं?"

"काय अडत होतं?" फोकस ओरडलाच. इतक्या वर्षांत ताईवर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ. "अगं, मी मारलं त्याला! मी शब्द टाकला, मी गाडीत बसवलं! रोज सकाळी उठलो की पहिलं हेच, मी बहिणीचा नवरा मारला! अकरा वर्षं!"

ताईच्या हातातला कप मोरीत पडला. तिचा चेहरा पांढराफटक झाला.

"तू?" ती म्हणाली. "तू कशाला मारशील? असं कोण म्हणालं?"

"कोणी म्हणायला कशाला हवं?"

मग ताईच्या डोळ्यांत काहीतरी वेगळंच आलं, भीतीसारखं.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "खाली ग्रंथालयात त्या बाई होत्या, पुस्तकांवर शिक्के मारायच्या. तुझ्यासाठी रोज खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवायच्या. त्यांना तू नाही म्हणालास, ते यामुळे?"

"नाही कुठे म्हणालो?" फोकस म्हणाला. "थांब म्हणालो. आधी ताईचं मार्गी लागू दे, मी तिचा संसार मोडलाय, आपला कसा मांडू? थांबली बिचारी. चार वर्षं थांबली. मग तिच्या घरचे थांबेनात, दिली दुसरीकडे."

"जाऊन किती वर्षं झाली त्यांना?"

"सात."

ताई तिथेच ओल्या फरशीवर मटकन खाली बसली. तोंडावर हात घेतला, पुन्हा काढला. 

"म्हणजे त्याचं पत्र आलं तेव्हा त्या इथेच होत्या. खाली."

"होती," फोकस म्हणाला.